गव्हाचा माग

स्वयंपाकघरात एकूण त्रेचाळीस डबे, बरण्या आणि पाकिटं होती. त्यांपैकी सोळांमध्ये गहू होता, हे झाकण न उघडताही सांगता येत होतं: कणीक, मैदा, रवा, दोन तऱ्हेच्या शेवया, पाव, टोस्ट, पावाचा चुरा आणि आठ जातींची बिस्किटं. सहा जण संशयित होते: सोया सॉस, सूपची दोन पाकिटं, चॉकलेटची भुकटी, तयार मसाला आणि एक बरणी, जिच्यात काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेली एकवीस निर्दोष.

भिंगरीच्या आईनं हे सगळं तीन रकान्यांत लिहून कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. नळाचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, त्यात क्लोरीन किती, गढूळपणा किती, जिवाणू किती हे मोजायचं आणि आकडा हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही तिथली शिस्त तिच्या हाडीमाशी खिळली होती.

"सोळा आणि सहा, बावीस बाहेर," ती म्हणाली. "आजच."

"अगं, ती बरणी तरी राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"तिच्यात काय आहे, आई?"

"मला काय माहीत? पण इतकी वर्षं आहे, म्हणजे काहीतरी कामाचंच असेल."

नवरा मधे पडला. त्याचं खाली बाजाराच्या रस्त्यावर पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि घरातल्या भांडणांतही तो दोन पुठ्ठ्यांच्या मधल्या कागदासारखा गप्प दाबून घ्यायचा. "मी लावतो सगळ्याची विल्हेवाट," असं म्हणून त्यानं दोन पिशव्या भरल्या आणि जिना उतरला. बायकोला हायसं वाटलं. निदान एक माणूस तरी वाद न घालता कामाला लागला होता.

भिंगरी सात वर्षांची. दोन वर्षांची असताना एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. गेलं वर्षभर मात्र शाळेतून आली की भिंतीला टेकून बसायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, आणि वजनाचा काटा चौदा महिने साडेसोळा किलोवर अडून बसलेला. आधी जंत म्हणून झाले, मग दात पडतायत म्हणून झालं, मग "आईवर गेलीय, लुकडीच राहणार" असाही निकाल लागला. शेवटी पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, घशातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला आणि रोगाचं नाव सांगितलं: सीलिअ‍ॅक. गव्हातलं आणि जवासारख्या त्याच्या भाऊबंदांतलं ग्लूटेन पोटात गेलं, की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. गोळी नाही, औषध नाही. गहू बंद, आयुष्यभर.

"थोडासा चालेल ना? चवीपुरता?" सासूबाईंनी दवाखान्यातच विचारलं होतं.

"आजी, कणसुद्धा नको. दिवसाला दहा मिलिग्रॅम ग्लूटेनच्या आत राहायचं. म्हणजे पावाचा एवढासा चुरा." डॉक्टरीणबाईंनी नखाचं टोक दाखवलं. मग अहवालातल्या आकड्याखाली पेनानं रेघ मारली. "रक्तातल्या या अँटीबॉडीज. चांगल्या माणसाच्या दहाच्या खाली असतात. हिच्या एकशे शहाऐंशी आहेत. गहू थांबला की हा आकडा उतरतो. तीन महिन्यांनी बघू."

एकशे शहाऐंशी. आईनं तो आकडा फ्रिजवरच्या कागदाच्या डोक्यावर लिहिला आणि भोवती चौकट काढली.

पुढचे तीन महिने तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. लाकडी पोळपाट-लाटणी, भेगा गेलेले चमचे, जुनी चाळण, सगळं नवं घेतलं. तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाचा पाव घरी करायला घेतला. पहिला पाव ओव्हनमधून निघाला तेव्हा त्याला सुरी लागेना.

"दाराला लावून ठेव," सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्यानं सारखं आपटतं."

भिंगरीनं त्याचा तुकडा तोंडात धरला, बराच वेळ चघळला आणि काळजीनं विचारलं, "आई, हा पाव आजारी आहे का?"

दुसरा पाव भुसभुशीत झाला, तिसरा मधे कच्चा राहिला. सातव्या पावाला तिला रडू आलं. तेही तिनं वाफेवर ढकललं. शाळेत वाढदिवस म्हटलं की केक. म्हणून आठवड्यातून तीनदा तिचा वर्गशिक्षिकेला फोन. शेवटी त्या बाईंचाही तोल गेला. "अहो, पंचवीस मुलं आहेत माझ्या वर्गात. तुमच्या एकीच्या तोंडावर पहारा ठेवू की बाकीच्यांना पाढे शिकवू? नाही देत हो आम्ही तिला काही. ती स्वतःच सांगते सगळ्यांना, 'मला गहू चावतो' म्हणून."

प्रयोगशाळेत पाणी तपासताना तिचं डोकं डब्यात. घरी डबा भरताना जीव शाळेत. आणि एवढं करून मुलीचं पोट दुखायचं थांबेना. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती पोटाशी उशी धरून बसायची. दर दिवशी नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा ठरलेलं.

तीन महिन्यांनी आकडा आला: एकशे एकाहत्तर.

"हा उतरला म्हणत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठून तरी गहू जातोय."

"शक्यच नाही. मी घरात गव्हाचा दाणा ठेवलेला नाही."

"मी तुम्हाला दोष देत नाही. पण रक्त खोटं बोलत नाही हो. अजून तीन महिने देऊ. तेव्हाही आकडा इथंच घुटमळला, तर पुन्हा दुर्बीण घालून आत काय चाललंय ते पाहावं लागेल."

भिंगरी खुर्चीत बसून पाय हलवत होती, ते हलायचे थांबले. मागच्या वेळी दुर्बिणीनंतर ती दोन दिवस बोलली नव्हती. घसा दुखत होता म्हणून नव्हे. भुलीचा मुखवटा लावून झोपवताना आई हात सोडून गेली, याचा राग होता. रिक्षात बसल्यावर तिनं एकच विचारलं, "मी काहीच खाल्लं नाही, तरी पुन्हा?"

उत्तर नसलं की आईला राग यायचा, आणि राग आला की त्याला कुणीतरी माणूस लागायचा.

माणूस घरातच होता. त्या आठवड्यात चादरी बदलताना सासूबाईंच्या उशीच्या अभ्र्यात तिला बिस्किटांचा पुडा सापडला. अर्धा संपलेला.

"आई, हे काय?"

सासूबाईंनी पुड्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "बिस्किटं."

"तुम्ही तिला देता?"

"मी खाते. चहाबरोबर. दार लावून खाते, खाऊन झाल्यावर हात धुते, चूळ भरते आणि मग तुझ्या राज्यात बाहेर येते."

"तिचा आकडा एकशे एकाहत्तर आहे, आई! तिला पुन्हा दुर्बीण घालणार आहेत! आणि तुम्हाला बिस्किटं सुचतायत?"

"हे बघ, सूनबाई," सासूबाई उठून उभ्या राहिल्या. एरवी गुडघे धरून उठायच्या, आज ताडकन उठल्या. "मी चोरून खाते. चोरून भरवत नाही. या दोन्हींतला फरक तुझ्या त्या यंत्रात मोजता येत नसेल, तर यंत्र बदल."

दुसऱ्या दिवशी त्या बॅग भरून लेकीकडे निघून गेल्या. नवरा दारात उभा राहून बॅगेकडे बघत राहिला. "अगं, थोडं सबुरीनं घ्यायचं होतंस," एवढंच म्हणाला.

"सबुरीनं? सहा महिन्यांत दुसऱ्यांदा भूल देणार आहेत तिला. तू काय करतोयस, सांग ना? ती शाळेतून तुझ्याकडे येते. साडेबारापासून सहापर्यंत तुझ्या डोळ्यांसमोर असते."

"दुकानात खायचं काही असतं तरी का? तू दिलेला डबा ती खाते, तू दिलेलं पाणी पिते. कपाटंसुद्धा उघडून पाहिलीस की मागे."

ते खरं होतं. तिनं दुकानाची कपाटं पाहिली होती, खणसुद्धा ओढून पाहिले होते. दोरा, सुया, दाभण, पुठ्ठे, कापडाचे तुकडे. खाण्यासारखं काही नव्हतं.

मग तिनं एक वही केली. तारीख, वेळ, काय खाल्लं, पोट दुखलं की नाही. रोज संध्याकाळी भिंगरीला समोर बसवून जबानी.

"शाळेत काय खाल्लं?"

"डबा."

"आणि?"

"आणि डबा संपला."

"दुकानात?"

"केळं. तू दिलेलं. आई, तू पोलीस आहेस का?"

"हो. आणखी काय खाल्लं?"

"काही नाही खाल्लं! देवाशपथ!"

सासूबाईंना जाऊन नऊ दिवस झाले. नऊपैकी सहा दिवस पोट दुखलं. म्हणजे त्या सुटल्या. तिनं त्यांच्या नावावर काट मारली. फोन करायला हवा होता. पण फोनवर सांगायचं काय, की तुम्ही नाही, पण कोण ते अजून सापडलेलं नाही? तिनं फोन उद्यावर टाकला.

मग शाळेला आठवडाभर सुट्टी लागली. तिला वाटलं, आता कळेल. शाळा बंद, तर दुखणं बंद. झालं उलटंच. सुट्टीत भिंगरी सकाळपासूनच दुकानात बसायला लागली आणि सहाच्या सहा दिवस पोट दुखलं. सोमवारी जरा कमी, शनिवारी सगळ्यात जास्त. रविवारी दुकान बंद, मुलगी घरी. रविवारी दुखलं नाही.

तिनं मागची पानं उलटून पाहिली. चार रविवार. चारही कोरे.

प्रयोगशाळेत एखाद्या भागातलं पाणी खराब निघालं, की ती नकाशावर मागे मागे जात नेमका कुठला व्हॉल्व्ह तो शोधायची. इथे व्हॉल्व्ह एवढे दिवस नावानिशी समोर लिहिलेला होता. मंगळवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न सांगता दुकानात गेली.

दुपारचे तीन वाजले होते. नवरा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा फिरवत होता. भिंगरी उंच स्टुलावर बसून छापील फर्मे मोजत होती, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे. एक फर्मा उचलायचा, त्याच्या कडेला ब्रशनं खळ लावायची, बाजूला ठेवायचा. दुसरा फर्मा चिकटून वर येई. तो सुटा करायला ती बोट जिभेला लावायची. तेच बोट, ज्याला खळ लागलेली. उचल, लाव, चाट. उचल, लाव, चाट. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात पांढरा सुकलेला ठिपका होता.

आई दारातच उभी राहिली. तिच्या डोक्यात खळ म्हणजे निळी. लग्न झाल्यापासून तिनं या दुकानात निळसर खळच पाहिली होती. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, आणि मोरचूद विषारी, म्हणून तिला कुणी हात लावायचा नाही. ही खळ दुधासारखी पांढरी होती. खळीच्या पातेल्याशेजारी एक डबा होता. डब्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मैदा.

"हा डबा इथे कसा?"

"अरे, तू?" नवरा वळला. "तो ना, मागे तू घरातून बाहेर काढलास तो. टाकून कशाला द्यायचा? कामाला आला. संपला की त्यातच नवा आणून भरतो. आणि कणीक पुठ्ठ्याच्या खळीला चालते."

"खळ पांढरी का आहे?"

आता त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान आला. "मोरचूद बंद केला. दीड वर्ष झालं. ही इथे बसायला लागली तेव्हापासून. लहान मूल आहे, बोट तोंडात जाणारच. म्हणून रोज ताजी करतो. नुसता मैदा आणि पाणी, दुसरं काही नाही. हिनं वाटीभर खाल्ली तरी काही होणार नाही, इतकी…"

तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याच्या कानावर आलं होतं. शिकंज्याच्या दांड्यावरचा त्याचा हात तसाच राहिला.

"पण मी खाल्ली नाही!" भिंगरी स्टुलावरून ओरडली. "मी खरं सांगत होते! खळ काय खायची असते का?"

तिचं बरोबर होतं. आईनं वहीत रकान्याला नाव दिलं होतं "काय खाल्लं". महिनाभर तिनं दर दिवशी काटेकोर प्रश्न विचारला होता आणि मुलीनं त्याचं काटेकोर उत्तर दिलं होतं.

"तुला कळायला नको?" ती नवऱ्यावर ओरडली. रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत बघायला लागला. "मैदा म्हणजे गहू, हे तुला माहीत नाही? फ्रिजवर लिहिलंय, दुसऱ्या नंबरवर!"

"खाण्याच्या यादीत लिहिलंयस ना! हे कामाचं सामान आहे गं. तू शाई नाही लिहिलीस, सरस नाही लिहिलास. मी काय तिला विष घालणार होतो? विष काढून टाकलं मी! तिच्यासाठीच काढलं!" त्यानं पातेल्याकडे बोट केलं. "आणि तू? तू किती वेळा आलीस इथे? पातेलं तुझ्याही डोळ्यांसमोर होतंच."

हेही बरोबर होतं. कपाटं उघडताना तिनं ते झाकलेलं पातेलं, शेजारच्या डब्यासकट, न बघताच हातानं बाजूला सारलं होतं.

खळीची एक बाटली भरून ती दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत नाजूक तराजूवर बसली. बोट बुडवायचं, कागदावर निपटायचं, वजन करायचं. वीस वेळा केलं. सरासरी ०.१२ ग्रॅम. खळीत एक भाग मैदा, पाच भाग पाणी. म्हणजे एका चाटण्यात वीस मिलिग्रॅम मैदा, त्यातलं ग्लूटेन अंदाजे दोन मिलिग्रॅम. दुपारभरात साठ फर्मे तर होतच असतील. एकशे वीस मिलिग्रॅम. मर्यादा दहाची.

शेजारच्या टेबलावरची केमिस्ट डोकावली. "कुठलं पाणी आहे हे?"

"घरचं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं सासूबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," सासूबाई म्हणाल्या.

"चुकलंच माझं, आई."

"आणि चोर कोण, तर माझाच पोरगा. लहानपणी तोही खळ चाटायचा. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला फक्त उशीबद्दल विचारलं." मग म्हणाल्या, "शनिवारी येते. बिस्किटं इथेच संपवून येते."

दुकान धुवायला चार दिवस लागले. मैद्याची धूळ पुठ्ठ्यांवर, शिकंज्याच्या आट्यांत, दिव्याच्या तारेवरसुद्धा बसलेली होती. पातेलं, ब्रश, पुठ्ठ्यांचा वरचा थर, सगळं गेलं. मैद्याऐवजी मक्याच्या खळीनं बांधलेली ग्रंथालयाची अकरा रजिस्टरं आठवड्यात परत आली. कव्हर एकीकडे, पानं एकीकडे. ग्रंथपाल त्याला म्हणाली, "दादा, हे पुस्तक आहे की पत्त्यांचा कॅट?" तो घरी येऊन जेवला नाही. तांदळाच्या बारीक पिठाची खळ चौथ्या खेपेला जमली, तीही आधी पीठ रात्रभर भिजवून ठेवलं तेव्हा. तरी तिला सुकायला दुप्पट वेळ लागायचा आणि शिकंजा अडकून पडायचा.

भिंगरीला महिनाभर दुकानबंदी झाली. दुखणं पंधरा दिवसांत कमी झालं. रुसवा कमी झाला नाही. "मीच मोजते फर्मे," ती म्हणायची, "बाबांचे चुकतात." शेवटी ती परत गेली तेव्हा तिच्यासाठी काउंटरवर ओला स्पंज ठेवला होता, पानं सुटी करायला बोट त्याच्यावर टेकवायचं. पहिल्या दिवशी तिचं बोट सवयीनं अकरा वेळा जिभेकडे गेलं. बाबांनी मोजलं होतं आणि संध्याकाळी न विचारताच बायकोला सांगितलं. वहीत आता रकान्याचं नाव बदललं होतं: "तोंडात काय गेलं".

आईची झोप मात्र परत आली नाही. स्पंज कशाचा, बांधणीचं कापड कडक करायला त्यावर काय लावतात, टपालाच्या पाकिटांचा डिंक कशाचा. ती कंपन्यांना पत्रं लिहायची, आणि उत्तर यायचं की आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत. वजन सोळा किलो नऊशे झालं तेव्हा सासूबाई खूश झाल्या. आई म्हणाली, बूट घालून केलंय. बूट काढून पुन्हा केलं. सोळा सातशे.

ठरलेल्या दिवशी भिंगरीनं रक्त द्यायला स्वतःहून हात पुढे केला आणि सुई टोचत असताना परिचारिकेला म्हणाली, "आकडा कमी आला नाही तर मला सांगू नका, आईला सांगा. तिला आवडतात आकडे."

दुसऱ्या दिवशी चौघंही दवाखान्यात गेली. बाक तिघांचा होता, म्हणून नवरा उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडलं, कागद सपाट केला आणि टेबलावरून पलीकडे सरकवला. आईनं वरच्या ओळीतलं मुलीचं नाव तपासलं, तारीख तपासली, मग बोट खाली नेलं.

त्रेसष्ट.